तिसरा लागतो

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांकडे मी आजवर तिरक्या नजरेनंच पाहत आलो. त्यामुळे आता मीच एक सांगायला बसलोय म्हटल्यावर तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही. तो दिवा तेवढा जरा अलीकडे घ्या.

काम साधं होतं. काट्याच्या घरून एक पेटी आणायची होती.

काटा म्हणजे माझा मित्र. खऱ्या नावानं त्याला कुणीच हाक मारत नसे. मापाच्या बाबतीत तो इतका काटेकोर की हेच नाव पडलं, आणि त्यालाही ते आवडायचं. आमचं पाच-सात म्हाताऱ्यांचं मंडळ आहे. प्रयोगशाळा आणि टेलिफोन एक्स्चेंज मोडीत काढतात ती मापनयंत्रं आम्ही उचलून आणतो, पुसतो, त्यातले सुकलेले कपॅसिटर बदलतो आणि पुन्हा कामाला लावतो. आमच्या बायका ह्याला भंगार गोळा करणं म्हणतात. त्यांचं फारसं चुकत नाही. पण मापनयंत्र नुसतं चालू होऊन भागत नाही, ते खरं सांगतंय की थापा मारतंय हे कशाशी तरी ताडून पाहावं लागतं. त्यासाठी सगळे काट्याकडे जात, कारण काट्याकडे थोरला होता.

थोरला ही एक करड्या रंगाची, भलतीच जड पेटी. तिच्या पोटात एक छोटी भट्टी, आणि भट्टीच्या उबेत ठेवलेला स्फटिक. तो सेकंदाला एक कोटी ठोके देतो, ना एक जास्त ना एक कमी. भट्टी कधी बंद करायची नाही. एकदा गार पडली की स्फटिक रुसतो आणि पुन्हा ताळ्यावर यायला महिने घेतो. थोरल्याच्या शेजारी धाकटा, तसाच ठोके देणारा पण लहान. तो काट्यानं शेवटच्या आजारपणात बसल्या बसल्या, जुन्या सुट्ट्या भागांतून स्वतः बनवला होता. वहिनींचा साखरेचा पत्र्याचा डबा त्यानं त्याच्या खोक्यासाठी न विचारता उचलला होता. "माझा डबा परत द्या," असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर म्हणायच्या आणि काटा ऐकू आलं नसल्यासारखं करायचा.

दोघांच्या लाटा एका ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्यावर दिसत. वर थोरल्याची, खाली धाकट्याची. दोघं जुळलेले असले की लाटा चित्रासारख्या स्थिर. पण कुणी पेटीला टेकून बसलं, झाकणावर हात ठेवला, की अंगाच्या उबेनं स्फटिक बिचकायचा आणि लाट हळूहळू सरकू लागायची. काटा अशा वेळी ओरडत नसे. बोलणं चालू ठेवूनच तो आपला तळवा तुमच्या हाताच्या पाठीवर ठेवी, हात अलगद उचली आणि नेऊन टेबलावर ठेवी. भल्याभल्यांचे हात त्यानं असे उचलून ठेवलेत. माझा तर किती वेळा.

गेल्या थंडीत काटा गेला. मुलानं घर विकायचं ठरवलं आणि वहिनींना आपल्याकडे, दुसऱ्या शहरात न्यायचं ठरलं. मंडळानं मला सांगितलं, थोरला तुझ्याकडे आण, म्हणजे लोकांची यंत्रं तपासणं बंद पडणार नाही. मी गाडीत मोठी बॅटरी टाकून निघालो. थोरल्याला न्यायचं तर चालू ठेवूनच न्यायला हवं होतं.

दुपार कलली होती. घर अर्धं रिकामं झालेलं. भिंतींवर जिथे कपाटं होती तिथे रंगाचे गडद चौकोन उरले होते. काट्याच्या खोलीत मात्र काहीच हललं नव्हतं. तोच सोल्डरिंगच्या राळेचा वास, तापलेल्या धुळीचा वास. दोन्ही पेट्या चालू, पडदा चालू, लाटा स्थिर.

"तुम्ही चालू ठेवलंत हे, वहिनी?"

"बंद करायचं कसं ते मला कुठे ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. मग चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "भाऊजी, घाई नसेल तर अंधार पडेपर्यंत थांबाल?"

त्यांचा आवाज असा होता की कारण विचारवेना. मी खुर्चीत बसलो, त्या दारापाशी स्टुलावर. पेट्यांपासून आम्ही दोघंही हातभर नव्हे, चांगलेच लांब होतो. बाहेरचा उजेड विटत गेला. वहिनींनी दिवा लावला नाही. पडद्याचा हिरवा उजेड तेवढा टेबलावर सांडला होता, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरची बारीक घुमघुम.

मग वरची लाट सरकू लागली.

आधी मला भास वाटला. पण ती सरकत होती, सावकाश, उजवीकडे. मी उठून खिडकी पाहिली, ती बंद होती. विजेचा दाब पाहिला, तो ठीक होता. लाट जाता जाता एके ठिकाणी थांबली आणि तिथेच तिरकी उभी राहिली. कुणी झाकणावर हात ठेवून निवांत बसलं की ती जशी थांबते, अगदी तशी. हे मी तीस वर्षं पाहिलेलं आहे.

"रोज ह्याच वेळी..." वहिनी अगदी हळू म्हणाल्या. "थोडा वेळ असते. मग परत जागेवर."

"कधीपासून?"

"ते गेल्यापासून."

वहिनी पडद्याकडे पाहत राहिल्या. "मी जवळ जात नाही. हात लावलेला त्यांना आवडायचा नाही. इथूनच बघते. तेवढीच सोबत..." मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, उद्या मी मुलाकडे गेले की हे इथे एकटेच राहणार का हो?"

मी इंजिनिअर माणूस. मी कप खाली ठेवून विजेचा दाब पुन्हा एकदा पाहिला.

"मुलाला म्हटलं, ही पेटी घेऊन चल. तो म्हणतो, आई, तिथे पाय ठेवायला जागा नाही. वाईट बोलला नाही तो. खरंच जागा नाहीये." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "तुमच्याकडे माणसं येतात, गप्पा होतात. तिथे करमेल त्यांना. तुम्ही घेऊन जा."

नवऱ्याला माहेरपणाला पाठवावं तसं त्या सांगत होत्या, आणि मला हसू आलं नाही. हे बाई माणूस आपल्याजवळ उरलेलं शेवटचं काहीतरी माझ्या हातात देत होतं.

लाट जागेवर परत येईपर्यंत आम्ही थांबलो. मग मी थोरला बॅटरीवर घेतला. भट्टीचा लाल दिवा क्षणभरही विझला नाही. वहिनींनी डब्याकडे बोट केलं. "आणि ह्याचं?"

"ह्याचं काही नाही, वहिनी. हा घरगुती. ह्याचा काय भरवसा."

असं म्हणून मी धाकट्याचा प्लग ओढला.

वहिनींनी एकदम खांदे आवळले. "गार वाटतंय," म्हणत त्या आत शाल आणायला गेल्या. मला काहीच वाटलं नाही. मी पेटी उचलून गाडीत ठेवली. वहिनी फाटकापर्यंत आल्या, थोरल्याच्या झाकणावर पहिल्यांदाच हात ठेवला आणि म्हणाल्या, "सांभाळून जा." हे त्या मला म्हणाल्या नव्हत्या.

माझ्या खोलीत आधीचे दोन स्टँडर्ड होते, म्हणजे थोरल्यासारख्याच ताडून पाहायच्या पेट्या. दोन्ही बरे, थोरल्याइतके नाहीत, पण प्रामाणिक. तिघांना मी एकमेकांशी जोडलं आणि संध्याकाळी खुर्ची ओढून लांब बसलो. खरं सांगतो, बायकोला त्या खोलीत येऊ दिलं नाही. दिवा लावला नाही.

लाट हलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. थोरला खांबासारखा उभा होता.

वहिनींचा फोन आला. मागे मुलाच्या घरातला टीव्ही चालू होता. त्यांनी आवाज खाली घेऊन विचारलं, "आले का?"

"अजून नाही, वहिनी. नवीन जागा आहे..."

"हो, त्यांना वेळच लागतो," त्या म्हणाल्या. काही दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलंच नाही. नुसत्या म्हणाल्या, "असू दे, भाऊजी," आणि रडू आवरायला फोन ठेवून दिला. मी तसाच पडद्यासमोर बसून राहिलो, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

काटा नव्या माणसाला पहिला धडा एकच द्यायचा. दोन यंत्रांचं पटलं नाही तर खोटं कोण हे त्या दोघांकडे बघून कळत नाही. तिसरा लागतो. शेजारच्या नवरा-बायकोच्या भांडणातही तो हेच सांगायचा. पडदा एका वेळी एकाच लाटेवर रोखता येतो. जिच्यावर रोखला ती स्थिर दिसते आणि सगळी हालचाल दुसरीच्या नावावर जाते. स्टँडवर उभ्या बसमध्ये बसलेलं असताना शेजारची बस सुटली की आपलीच हलली असं वाटतं, तसलाच प्रकार. काट्याच्या घरी पडदा धाकट्यावर रोखलेला होता. मी तो कधी फिरवून पाहिला नव्हता. तिसरा लावला नव्हता.

थोरला कधी हललाच नव्हता. हलत होता तो धाकटा. आणि थोरल्यावर हात टेकवायला तो काटा कसला! सगळ्या जगाचे हात त्यावरून उचलणारा माणूस स्वतः हात कशावर ठेवील? बायकोच्या साखरेच्या डब्यावर.

आणि त्याचा प्लग मी ओढला होता.

सकाळ होताच मी गाडी काढली. घरात रंगकाम चालू होतं. रंगारी शिडीवरूनच म्हणाला, "भंगार जिन्याखाली ठेवलंय. भंगारवाला तांब्यासाठी वायरी कापून घेऊन गेला, बाकी उचलायला उद्या येतोय."

जिन्याखाली अंधार होता, ओलसर सिमेंटचा वास होता. ढिगाच्या वर साखरेचा डबा. त्याची वायर बुडापासून कापलेली. डब्यावर एक मांजर अंग मुडपून झोपलेलं.

"ते हलतच नाही तिथून," रंगारी म्हणाला. "काल रात्री बाहेर हाकललं, तर सकाळी पुन्हा तिथेच. आणि साहेब, तो डबा..." तो बोलायचा थांबला आणि ब्रश पुसू लागला.

मी मांजर बाजूला केलं. डबा गरम होता. मांजरामुळे असेल, असं मी मनाची समजूत घातली. शेजारच्या सीटवर डबा ठेवून दिवसभर गाडी चालवली. वाटेत थंड वारा सुटला म्हणून काचा वर केल्या. मुलाच्या घराखाली गाडी लावून मी डबा छातीशी धरला तेव्हा तो तेवढाच गरम होता, आणि मांजर केव्हाच मागे राहिलं होतं.

मुलगा कामावर गेलेला. दार वहिनींनी उघडलं. महिन्याभरात त्या किती वाळल्या होत्या! मी काही सांगायच्या आधीच त्यांनी डबा ओळखला.

"हा तर माझा साखरेचा..." त्यांनी दोन्ही हातांनी तो घेतला. उभ्याउभ्याच त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी तो खोलीत नेला, पलंगाशेजारच्या लहान टेबलावरचा पाण्याचा तांब्या खाली उतरवला आणि त्या जागी ठेवला.

"एवढी जागा आहे की," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसत, "ह्याला वायर नाही का?"

"लागत नाही, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, जशी काही ही नेहमीचीच गोष्ट होती. "बसा, चहा टाकते," म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. खिडकीतला उजेड उतरत होता. मी पलंगाच्या कडेला बसलो. आयुष्यभराची खोड, प्रत्येक गोष्ट तपासून पाहायची. आत बॅटरी नाही हे मला माहीत होतं. तरी मी झाकणावर हात ठेवला.

पत्रा सगळीकडे सारखा गरम नव्हता. मधोमध, तळव्याएवढ्या जागेतच ऊब होती, कडा गार होत्या. मी हात तिथेच ठेवला.

थोड्या वेळानं माझ्या हाताच्या पाठीवरही ऊब आली. मी हात काढला नाही. तो अलगद उचलला गेला, आणि बाजूला, टेबलाच्या कडेवर ठेवला गेला.

स्वयंपाकघरात वहिनी कपात साखर घालत होत्या. चमच्याचा आवाज येत होता.