केसाएवढी पांढरी रेघ

कोलोनच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, सकाळी साडेअकराला निहारने जुन्या साप्ताहिकाचे अंक एकत्र बांधलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक विकत घेतलं आणि "आता कापूया" असं मराठीत पुटपुटत तिथेच विक्रेत्याकडे कात्री मागितली.

"अहो, नको!" मागून थेट मराठीत किंकाळी आली.

भुरभुर पावसात भिजलेली एक मुलगी. चष्म्यावर थेंब, नजर कात्रीवर. ही ज्ञानदा, लंडनच्या जुन्या साप्ताहिकांतल्या चित्रांवर पीएच.डी. करत होती. जगात असेही लोक असतात. नेमके हेच अंक ती आठ महिने शोधत होती.

"दीडशे वर्षं टिकलेत ते! कापताय काय?"

"सहाच चित्रं... फ्रेम करायला." निहार गेर्लिंगेन गावात राहणारा इंजिनिअर, इथे दिवसभरासाठी मित्राकडे आलेला. त्याला खरं बोलायची वाईट सवय होती. "उद्या मुलीकडचे मला व्हिडिओवर बघणार आहेत. मागची भिंत फार बोडकी दिसते, म्हणते आई."

"मग कॅलेंडर लावा!"

तरी तिने एक पान उघडून दाखवलंच. बंदर, जहाज, गर्दी; आणि मधून गेलेली केसाएवढी पांढरी रेघ.

"चित्र लाकडावर कोरायचे. घाई असली की ठोकळा सुटा करून चौघांत वाटायचे. एकाला आभाळ, एकाला माणसं... मग परत जोडायचे. हा त्यांचा सांधा."

"जोडायचे कशाने?"

"नट-बोल्टने."

पावणेबारा वाजता निहारचा चेहरा असा उजळला, की विक्रेत्याने कात्री आत ठेवून दिली.

मग एका कॅफेत तीन तास दोघं सांधे शोधत बसले. एका सांध्यावर दोघांची बोटं एकदमच पोचली... आणि तिथेच राहिली. संशोधन चालू होतं.

"आल्झो... म्हणजे, कापणार आहेस?" तिने विचारलं. 'अहो' कधी गळून पडलं, कुणालाच कळलं नाही.

"छे! पण मग उद्या—"

"हो. उद्या तुझी ती... मुलगी." ज्ञानदाने पुस्तक मिटलं आणि नको इतक्या हळुवारपणे त्याच्याकडे सरकवलं.

निहारने पुण्याला फोन लावला. "आई, उद्याचं रद्द कर."

"का रे? भिंत झाली नाही?"

"मला एक मुलगी आवडलीय."

"कधीपासून?"

त्याने घड्याळ बघितलं. "साडेअकरापासून."

"आणि तिचं काय म्हणणं?"

निहारने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. ज्ञानदाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काकू," ती म्हणाली, "मला हा पावणेबारापर्यंत नव्हता आवडला."