डाव्या बाजूची फळी

कीबोर्ड घरी आला त्या सकाळी मी आधी त्याची मापं घेतली. सदतीस इंच लांब, तेरा रुंद, वजनाला हलका. चाळीस वर्षं सुतारकाम केलं की वस्तू समोर आल्याबरोबर टेप आपोआप हातात येतो. खोकं सीलबंद होतं. मुलीने ते दुसऱ्या शहरातून पाठवलं होतं, आईच्या हातासाठी.

बायकोची डावी बाजू चार महिन्यांपूर्वी गेली होती. पाय हळूहळू परत आला, हात आला नाही. मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी स्पष्ट सांगितलं होतं की सहा आठवड्यांत एक तरी बोट हललं तर आशा आहे, नाहीतर आहे त्यात भागवायला शिकायचं. बोटांना ओढ लागेल असं काहीतरी द्या, असंही त्या म्हणाल्या. लग्नाआधी बायको पेटी वाजवायची, म्हणून हा कीबोर्ड.

तिला स्वतःला एवढंच हवं होतं, की आपली वेणी आपल्याला घालता यावी. चार महिने ती मी घालत होतो आणि रोज ऐकून घेत होतो.

"वेणी घालताय की दोर वळताय?"

कीबोर्डसाठी मी लाकडी घोडी केली, खुर्चीत बसल्यावर तिचं कोपर पट्ट्यांच्या रेषेत येईल एवढी उंच. माहितीपुस्तक अक्षर अक्षर लावून वाचलं. पन्नाशी उलटल्यावर वाचायला शिकलेला माणूस एकही ओळ गाळत नाही. शिकवलं होतं तिनेच, प्लायच्या तुकड्यांवर, सुतारी पेन्सिलीने. अ‍ॅडॉप्टर भिंतीत खोचला, पिन मागच्या भोकात घातली, आवाज मध्यावर ठेवला. एक बटण दाबलं की तांबडा दिवा लागायचा आणि वाजवलेलं साठायचं, दुसरं दाबलं की ते ऐकू यायचं. रोजचा सराव साठवून ताईंना ऐकवायचा, असं आमचं ठरलं.

पहिल्या दिवशी तिने उजव्या हाताने एक अंगाई वाजवली, मुलीला निजवताना म्हणायची ती. डावा हात मी उचलून डावीकडच्या पट्ट्यांवर ठेवला होता. तो तसाच राहिला.

मग साठवलेलं लावलं. अंगाईच्या खाली तीन जाड सूर होते.

हाताच्या वजनाने पट्ट्या दबल्या असतील, असं आम्ही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिचा हात मांडीवरच ठेवला. वाजवताना फक्त अंगाईच ऐकू आली, पण साठवलेल्यात सात जाड सूर निघाले, आणि सातही अंगाईच्या तालात.

मुलीला फोन केला. ती हसली. आपोआप साथ देणारं एक बटण असतं, ते चुकून दाबलं गेलं असेल म्हणाली. मी पुस्तकात बघून बटण शोधलं. ते बंदच होतं. मग मी विचारलं, की रस्त्यावरचा किंवा शेजारचा आवाज त्यात शिरत असेल का.

"बाबा, त्यात माईकच नाही," ती म्हणाली. "पट्टी दाबली तरच उमटतं."

नको तिथून काही येत असेल तर सुतार काय करणार? फळी मारणार. डावीकडच्या चोवीस पट्ट्या झाकतील एवढी सागाची फळी कापली. दोन्ही बाजूंनी रंधा मारला, वर काचपेपर फिरवला. खालची बाजू कुणाला दिसणार नव्हती, पण दिसत नाही म्हणून खडबडीत सोडणं मला जमत नाही. पट्ट्यांवर दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागा सोडून ती घोडीला चार स्क्रूंनी आवळली. त्या फटीत पोस्टकार्ड जाईल, बोट जाणार नाही.

बायको सगळं बघत होती.

त्या दिवशीचं साठवलेलं लावलं. जाड सूर होतेच. आता ते अंगाईच्या बरोबरीने येत नव्हते. किंचित आधी येत होते, आणि अंगाई त्यांच्यामागून जात होती.

मी प्लग काढला. म्हटलं, उद्यापासून हे बंद.

"नका काढू," ती म्हणाली.

"ते तू वाजवत नाहीस."

"नसेन. पण संध्याकाळी हात माझाच दमतो."

तिने मान वळवून मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. चार महिन्यांत त्या हातात तिला काहीही जाणवलं नव्हतं, दमणं तर सोडाच. मी हात लावून बघितला. तो गरम होता, धावत आलेल्या माणसाच्या अंगासारखा.

मी प्लग परत लावला. कुणी जोर केला नव्हता. मीच लावला.

तिसऱ्या आठवड्यात अंगठा हलला. चौथ्यात मूठ वळली. पाचव्यात ताई आल्या, तिच्या हातात स्वतःचं बोट देऊन म्हणाल्या, दाबा. तिने दाबलं. ताईंनी "अगं बाई" म्हणून बोट सोडवून घेतलं आणि पुढे बराच वेळ ते चोळत बसल्या. फार खूश होत्या. सराव ऐकवा म्हणाल्या. मी सांगितलं, माझ्या हातून पुसला गेला. त्या हसल्या, आमच्या वयाची सूट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने वेणी घातली. आरशासमोर बसून, दोन्ही हातांनी. मी दारात उभा होतो. उजवा हात अडखळत होता, केस सुटत होते. डावा नाही. तो भराभर पेड ओढून घेत होता. वेणी सरळ आली, घट्ट आली.

"बघा," ती म्हणाली, "ह्याला वेणी म्हणतात." आणि रडली.

मग म्हणाली, आता ती फळी काढा, दोन्ही हातांनी वाजवायचंय.

दुपारी ती झोपल्यावर मी स्क्रू काढले. फळी उलटी केली.

खालच्या बाजूला पाच खळगे होते.

कोरलेले नव्हते. कोरलेल्याला कड असते. हे झिजलेले होते, जुन्या जिन्याचा कठडा हातांनी झिजतो तसे. साग असा झिजायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. फळी पाच आठवड्यांची होती.

टेप लावला. अंगठ्याच्या खळग्यापासून करंगळीच्या खळग्यापर्यंत अकरा इंच.

बायकोची वीत साडेसहा इंच आहे. तिच्या काठीची मूठ मी त्याच मापाने केली होती.

मी फळी घेऊन आत गेलो. ती गाढ झोपली होती. डावा हात चादरीवर उताणा पडला होता. तिचाच हात. तीच नखं, लहानपणी भाजल्याचा तोच डाग.

खात्री करून घ्यावी एवढाच विचार होता. मी फळी चादरीवर ठेवली, खळगे वर करून, आणि तिचा हात अलगद पालथा करून वर टेकवला. मधलं बोट मधल्या खळग्यात बसलं. बाकीची चार दूर राहिली. खूप दूर.

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं.

मग बोटं उघडू लागली.

सावकाश. घाई नव्हती. एकेक बोट लाकडावरून सरकत गेलं, थांबलं, पुन्हा सरकलं. तिचा श्वास संथ चालू होता.

पाचही बोटं खळग्यांत बसली.

उजव्या हाताने मात्र तिने झोपेतच वेणीचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.