काच धुण्याचं पाणी

काच धुणारा पंप हा गाडीतला सगळ्यात गरीब भाग. मूठभर प्लास्टिक, आत करंगळीएवढी मोटर. बॅटरीवरच्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये तो पुढच्या उजव्या चाकामागे, पाण्याच्या टाकीच्या बुडाशी, रबरात खोचलेला असतो. चाक काढा, आतला प्लास्टिकचा पडदा सोडवा, वायर उपटा, जुना पंप ओढून काढा, नवा ओला करून दाबून बसवा. चहा निवायच्या आत होणारं काम. अम्मानच्या बयादर भागात गल्लीभर गॅरेजं आहेत, पण सगळ्यांना मोठ्या बॅटऱ्या उघडून मिरवायचं असतं. पंपाचं काम आलं की बोट माझ्याकडे.

त्या वसंतात एकच पांढरी व्हॅन माझ्याकडे परत परत येत होती. दर वेळी पंप जळालेला.

ती व्हॅन माझ्या धाकट्या भावाची, रकानची. म्हणजे कंपनीची, पण चालवायचा तो. अम्मानहून वाळवंटातल्या अझरकला औषधांची खोकी न्यायचा. खमासीनचा पहिला धुळीचा वारा सुटला त्या दिवशी तो अझरकला पोचलाच नाही. व्हॅन खरानाच्या किल्ल्याच्या अलीकडे रस्त्याकडेला उभी सापडली. खोकी जागेवर, किल्ली जागेवर, फोन सीटवर, बॅटरी निम्मी भरलेली. फक्त रकान नव्हता, आणि काच धुण्याच्या टाकीत पाण्याचा थेंब नव्हता. पोलिसांची कुत्री फिरली, वाळवंटातल्या बदू टोळ्यांचे माग काढणारे फिरले. वाऱ्याने माग ठेवलाच नव्हता.

आमचे वडील आयुष्यभर बगदादच्या रस्त्यावर ट्रक चालवत. दोघा पोरांना त्यांनी एक गोष्ट ठोकून शिकवली होती. काच धुण्याच्या टाकीत साबण नाही, दुकानातलं निळं रसायन नाही, प्यायचंच पाणी घालायचं. "वाळवंटात गाडी बसली की हीच टाकी तुमची आई," असं म्हणत. रकान ते पाळायचा. त्यामुळे रिकाम्या टाकीचं मला नवल वाटलं नाही. मला त्यातून आशाच वाटली. पाणी पिऊन निघाला असेल, कुठेतरी पोचला असेल.

पोलिसांनी सोडल्यावर कंपनीने व्हॅन माझ्याकडेच धाडली. कोरडा चालून पंप जळला होता. मी नवा बसवला, टाकी भरली आणि पुढच्या ड्रायव्हरच्या हाती किल्ली दिली. हा जिरयस, मादबाचा, अंगाने भरलेला आणि तोंडाने त्याहून.

आठवडा उलटायच्या आत तो परत दारात.

"सुहैबभाई, तुझे पंप काय पुठ्ठ्याचे आहेत का रे?"

"तू कोरडा चालवला असशील."

"मी? सकाळी तुझ्यासमोर भरलेली टाकी! परतताना बटण दाबलं तर नुसती घरघर, मग तीही बंद. वाटेत एकदाही काच धुतली नव्हती, आईशप्पथ."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. माझा गळतीवर विश्वास आहे. मी टाकी उतरवली, दाबाने हवा भरून बादलीत बुडवली. एक बुडबुडा नाही. नळ्या बदलल्या, रबर बदललं. भरलेली टाकी खाली वर्तमानपत्र अंथरून दोन दिवस गॅरेजात ठेवली. कागद कोरडा, पातळी जागच्या जागी. व्हॅन अझरकला गेली आणि रिकामी होऊन आली. दुसऱ्या एका खेपेला ती वेगळ्याच रस्त्याने, झरका शहराला गेली. टाकी भरलेली परत आली.

मग एका दुपारी मीच जिरयसबरोबर निघालो.

मुवक्कर मागे पडलं तसा रस्ता उघडा झाला. दोन्हीकडे काळे दगड, मधे पिवळी माती. बॅटरीची गाडी मुकी असते, चाकांची सळसळ तेवढी ऐकू येते. जिरयस अखंड बोलत होता. किल्ला लांबवर दिसू लागला तसा गप्प झाला, वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली.

"इथे का थांबलास?"

"रोज थांबतो." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुझ्या भावाची जागा ही. दोन मिनिटं थांबून पुढे जातो. त्यात काय वाईट?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी पूर्ण शांत होती. वारा पडलेला. आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यातून, बॉनेटखालून, आवाज आला.

घट. घट. घट.

बाटली तोंडाला लावून तहानलेला माणूस पितो तसा. मधेच थांबून श्वास घेतल्यासारखा, मग पुन्हा.

जिरयसने छातीवर क्रूस केला. मी उतरलो, बॉनेट उघडलं. टाकीचं झाकण उघडं होतं. नळकांड्यात पाणी हळूहळू खाली उतरत होतं. खाली जमीन वाळकी होती. मी वाकलो तर गालाला कोणाच्या तरी श्वासाची धग लागली. गाडी तापत नाही, त्यात तापायला इंजिनच नाही.

"रकान?"

आवाज थांबला. पाणी स्थिर झालं. मी हाताने तोंड दाबून उभा राहिलो. थोड्या वेळाने, जणू माझी ओळख पटली असावी, पुन्हा घट घट सुरू झालं आणि टाकी संपेपर्यंत चालू राहिलं.

परतीच्या वाटेवर मी ढसाढसा रडलो.  

त्या दिवसापासून आमच्यात ठरलं. सकाळी टाकी मी भरायची, घरचं गाळलेलं पाणी. जिरयसने तिथे थांबायचं, आवाज संपला की निघायचं. पुढे पंपाचं बटण दाबायचं नाही, काच बाटलीतल्या पाण्याने आणि फडक्याने पुसायची. कोणाला सांगायचं नाही, आईला तर नाहीच. मी सांगणार काय होतो? तो जिवंत आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. तो तहानलेला आहे एवढं ठाऊक होतं, आणि ती तहान भागवणं माझ्या हातात होतं. सकाळी नळाखाली कॅन धरताना मला वाटायचं, मी त्याला वाढतोय. त्याच्या वाटचं पाणी चालू आहे तोवर तो पुरता गेलेला नाही, असा माझा हिशेब होता. एवढ्यावरच मी जगत होतो.

पण ऋतू धुळीचा. एका वावटळीत समोरचा ट्रक दिसेना म्हणून जिरयसने घाबरून बटण दाबून धरलं आणि पंप पुन्हा जळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने व्हॅन गॅरेजात आणून लावली. नेमका तेव्हाच मला झरकाच्या सरकारी दवाखान्यातून फोन आला. वाळवंटात एक प्रेत सापडलंय, ओळख पटवायला या.

शवागारात त्यांनी चादर वर केली. तो रकान नव्हता. कोणाचा तरी दुसरा भाऊ होता. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि देवाचे आभार मानले, आणि लगेच त्या दुसऱ्या घराची लाज वाटली.

गॅरेजात परतलो तर व्हॅनची जागा रिकामी. आमचे मालक, अबू ओदेह, सेजची पानं घातलेला चहा घेऊन माझ्यासाठीच थांबले होते. माणूस मनाने मेणाहून मऊ.

"काय झालं, पोरा?"

"तो नव्हता."

"अल्लाची कृपा. बस, चहा घे. तुझ्या त्या व्हॅनचं काम मी उरकलं. स्वतःच्या हाताने पंप बसवला, या वयात, चाकाखाली लोळून! आणि रोग काय तोही शोधला. तुम्ही लोक साधं पाणी घालता. त्याचा गाळ धरतो, म्हणून पंप जळतात. टाकी धुऊन काठोकाठ निळं रसायन भरलंय. आता बघ, वर्षभर गाडी येणार नाही."

कप माझ्या हातातून सुटला.

"अरे, भाजलं का?"

मी जिरयसला फोन लावला. तो लागेना. पुन्हा लावला. लागला तेव्हा तो अझरकला पोचून खोकी उतरवत होता.

"थांबला होतास?"

"थांबलो ना. थांबतो म्हटलं की थांबतो."

"मग?"

"आज काहीतरी वेगळंच झालं, भाई. एकदाच आवाज आला. एकच घोट. मग खोकला. असा खोकला मी कधी ऐकला नाही. मग झाकण धाडकन आपटलं. मी खाली उतरलोच नाही, खोटं कशाला बोलू?"

"टाकी?"

"आता बघितली. बोटभर उतरलीय, बस. पण हे पाणी निळं कसं काय?"

मी गाडी काढली. मागच्या सीटवर घरून आणलेले पाण्याचे कॅन आणि एक परात टाकली आणि वेड्यासारखा निघालो. ती जागा मला डोळे मिटून सापडली असती. रस्त्याकडेला परात ठेवली, भरली. माझ्या गाडीची टाकी उघडली, तीही भरली. दगडांवर पाणी ओतलं. हाका मारल्या.

"चुकून झालं, रकान! म्हाताऱ्याला माहीत नव्हतं! हे बघ, हे घरचं आहे, आपल्या नळाचं आहे!"

काही नाही.

परातीतलं पाणी तसंच राहिलं. ऊन कललं, वारा उठला, पाण्यावर मातीची साय धरली.

मी हरलो. गाडीत बसलो आणि अम्मानला, मारका भागातल्या घरी आलो.

आई ओसरीच्या दारात उभी होती. दार सताड उघडं, हातात रिकामा ग्लास. रकान गेल्यापासून तिचा चेहरा एवढा जागा मी पाहिला नव्हता.

"आत्ता येतोस? घटकाभर आधी यायचंस रे. रकान आला होता."

आईला टाकीचं काही माहीत नव्हतं. निळ्या पाण्याचं तर नाहीच.

"यम्मा, कोण आला होता?"

"आपल्या भावाचं नाव विसरलास? पायरीवर उभा होता. आत ये म्हटलं, येईना. नुसता 'पाणी, यम्मा' म्हणाला. ओठांची सालं निघालेली माझ्या लेकराच्या. मी ग्लास भरून दिला. तर हुंगतोय! आईने दिलेलं पाणी कोणी हुंगतं का? हुंगलं आणि मलाच परत दिलं. म्हणाला, आधी तू पी."

"मग?"

"मग मी प्यायले. सगळा ग्लास त्याच्यासमोर रिकामा केला. म्हटलं, बघ, गोड आहे. दुसरा भरायला आत वळले, आले तर पायरीवर नाही." तिने माझा दंड घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते. "खरं सांग, सुहैब. माझ्या पोराला कोणी काय पाजलंय?"

मी तिच्या हातातला ग्लास घेतला आणि आत नेऊन ठेवला. खरं तिला आजवर सांगितलेलं नाही.

पंप मात्र उत्तम चालतो. व्हॅन पंपासाठी पुन्हा गॅरेजात आली नाही. अबू ओदेह सगळ्या गल्लीला ते ऐकवतात. जिरयस अजून तिथे थांबतो. टाकीत तो आता पुन्हा साधं पाणी भरतो, पण त्याला कोणी शिवत नाही.

आई रोज दुपारी दार उघडून उंबऱ्यात बसते. बाहेर बघत एक ग्लास पाणी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन दाखवते. मग दुसरा भरून पायरीवर ठेवते. तो तसाच राहतो. अंधार पडायच्या आधी मी तो उचलून दारालगतच्या मोरीत ओततो, आणि पाणी वाहून जाताना उघड्या दाराशी, अगदी हाताच्या अंतरावर, कोणीतरी कोरडा आवंढा गिळतं.