टेकू किती द्यायचा?

टेकू पायाला बांधला की शाल्मली वीस पायऱ्या धडाधड चढायची. टेकू काढला, की पहिल्याच पायरीला गुडघा लटपटायचा. दोन महिने हेच चाललं होतं. मग इतके दिवस चढत होतं तरी कोण?

२०६१ सालचं गडहिंग्लज. टेकू म्हणजे पायावर चढवायचा बोलका यंत्रमानव. कबड्डीत मोडलेलं शाल्मलीचं हाड जुळलं होतं, पण प्लास्टरमध्ये राहून मांडी पार वाळली होती. आता जन्मभर हा टेकूच का, हा विचार तिला सोडत नव्हता.

त्या दिवशी सभागृहात जिल्ह्यातले फिजिओथेरपिस्ट (व्यायाम आणि उपचारांनी हालचाल परत मिळवून देणारे तज्ज्ञ) जमले होते. पुढच्या वीस वर्षांत आपलं काम कसं असावं, याचं सगळ्यांना पटेल असं चित्र त्यांना ठरवायचं होतं. शाल्मलीवर उपचार करणाऱ्या यास्मिनताई तिला आणि टेकूला घेऊन आल्या होत्या.

"गावं शेकड्यांनी, आपण मूठभर. सगळं टेकूवर सोपवा," एक जण म्हणाले.

"यंत्रं नकोतच! माणसाला माणसाचा हात लागतो," एक बाई कडाडल्या.

दुपार झाली तरी मेळ बसेना. यास्मिनताईंचा चेहरा उतरला. "टेकूच सगळं करणार असेल, तर माझं काम संपलंच की गं."

शाल्मलीला राहवेना. ती उठली. "टेकू असला की मी चढते. नसला की का नाही?"

सभेचे अध्यक्ष कल्लाप्पा आजोबा स्नायूंवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ होते. ते म्हणाले, "टेकू, तिची मांडी किती काम करते रे?"

"शंभरातले सहा भाग. बाकी मी. तिला पडू द्यायचं नाही, असंच मला शिकवलंय."

"तिथंच चुकलं! बाळ, मेंदू मज्जातंतूंमधून (शरीरातल्या निरोपाच्या तारांमधून) स्नायूला निरोप धाडतो. पाऊल चुकलं की मेंदू निरोप सुधारतो. असं पुन्हापुन्हा झालं की वाट पक्की होते, स्नायूही बळावतो. टेकूच पाय उचलत असेल, तर मेंदू निरोप धाडेल कशाला?"

यास्मिनताईंनी टेकूची मदत निम्म्यावर आणली. शाल्मलीने मंचाच्या पायरीवर पाऊल ठेवलं. पाय थरथरला.

"मी उचलू?" टेकूने विचारलं.

"थांब!" यास्मिनताईंनी तिच्या गुडघ्याला हात लावला. "श्वास सोड, शाल्मली. भीतीने सगळा भार चांगल्या पायावर टाकतेयस. मी आहे ना!"

तिने श्वास सोडला, भार दुखऱ्या पायावर घेतला आणि वर चढली.

"शंभरातले त्रेपन्न भाग तिचे!" टेकू ओरडला.

सभागृहात टाळ्या पडल्या. मघाशी कडाडलेल्या बाईच फळ्यापाशी गेल्या आणि लिहू लागल्या: 'गावोगावी टेकू. मदत लागेल तेवढीच, आणि दिवसेंदिवस कमी.'

"पण किती लागेल, हे कोण ठरवणार?" मागून कुणीतरी विचारलं.

"मी आणि शाल्मली, दोघी मिळून," यास्मिनताई म्हणाल्या. "कुठवर चालायचं ते ती सांगेल, कसं ते मी."

तेही फळ्यावर आलं. मग एकेक करत सगळेच हात वर झाले.

यास्मिनताईंनी सकाळपासून तसाच राहिलेला डबा उघडला आणि अर्धी भाकरी शाल्मलीपुढे धरली. "सोमवारी डोंगरापलीकडच्या वाड्यांवर जायचंय, टेकू घेऊन. तिथं अकरा जण वाट बघतायत. काय सांगू त्यांना?"

शाल्मली घास गिळून हसली. "सांगा, आधी पाय थरथरतो. मग आपला होतो."