उतारावरचं वजन

जोतीराम शेडग्यांनी फौजेत बावीस वर्षं ट्रक चालवले, त्यातली नऊ बर्फाच्या घाटांत. बर्फावर ब्रेकला पाय लावायचा नाही, गाडी गिअरवर धरून उतरवायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. म्हणून मुलाने, यशराजने, विजेवरची गाडी घेऊन दिली तेव्हा तिचा एक गुण त्यांना लगेच पटला. पाय उचलला की ती आपणहून अडायची, आणि त्या अडण्यातून बॅटरी थोडी भरायचीही.

बायको, लीलाबाई, गेल्यापासून वाईच्या घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं. जोतीराम संध्याकाळी पर्यटकांना महाबळेश्वरला सोडत, ओळखीच्या लॉजवर झोपत आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन खाली येत. पसरणीचा घाट उतरताना बॅटरी चार टक्के भरायची. दर खेपेला चारच.

त्या जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दव गोठलं. गवतावर, होड्यांच्या फळ्यांवर, रस्त्याच्या कडेला पांढरा थर. जोतीरामांना बरं वाटलं. ते दार उघडं टाकून उतरले, नखाने थर खरवडला, थोडा वेळ उभे राहिले आणि निघाले.

घाटात त्यांनी पाय उचलला, पण गाडी अडली नाही. भरलेला ट्रक रेटतो तशी रेटत राहिली. वाईच्या पहिल्या घरांपाशी पडद्यावर पाहिलं, तर सहा टक्के.

"थंडीत उलट कमी भरते, आबा," यशराज बंगळूरहून फोनवर म्हणाला. "गाडीत सामान होतं का?"

"न्हाई रं. मी एकटाच."

"मग शोरूमला दाखवून या."

"बघतो. तू कवा येणार?"

"बघतो, आबा."

शोरूममध्ये काहीच दोष निघाला नाही. दव नुसतं पडलं की चार टक्के. गोठलं की सहा. असं तीनदा झालं.

चौथ्या वेळी त्यांना दुसरंच जाणवलं. या गाडीला इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे लहानसहान हालचालही लपत नाही. वळणावर आधी गाडी कलली, मग क्षणभर उशिरा मागे काहीतरी कललं. ट्रकच्या हौद्यात जवान बसलेले असले की असंच व्हायचं. ते पाठीला कळायचं. त्यांनी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. काचा आतून धुरकटल्या होत्या.

"जरा धरून बसा," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

कितीतरी दिवसांनी ते गाडीत कोणाशी बोलले होते. पुढची वळणं त्यांनी अलगद घेतली.

पाचव्या वेळी अवघड वळणावर समोरून एसटी आली. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. मागचं वजन पुढे लोटलं, गाडी घसरत गेली आणि कठड्याला टेकून थांबली. पलीकडे खोल दरी, तळाशी धोम धरणाचं पाणी. काचा खाली करून ते बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले. मग गाडी मागे घेतली, आणि घरी न जाता थेट भुईंजच्या वाटेवरचा, उसाच्या गाड्यांचा वजनकाटा गाठला.

काट्यावरच्या अमृतने खिडकीतून डोकं काढलं. "आवं काका, ऊस कुठं लपवलाय?"

लाल आकडे २२४० दाखवत होते. जोतीरामांनी पुढे केलेल्या कागदावर गाडीचं वजन सोळाशे दहा. जोतीरामांचं सत्तर.

"काटा बरोबर हाय का?"

"कालच तपासलाय की."

"मी उतरून बघतो."

ते उतरले, दार लावून काट्यावरून खाली आले. २१७०.

दोघेही आकड्याकडे बघत उभे राहिले.

२११०.

गाडीची दारं बंद होती.

२०३५. मग थोडा वेळ काहीच नाही. मग १९८०.

काट्याच्या तोंडाशी झोपलेलं कुत्रं उठलं आणि वाट द्यावी तसं बाजूला झालं.

आकडे थांबत थांबत उतरत राहिले. घाई कोणालाच नव्हती. अमृतच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली.

१६२० वर सगळं थांबलं.

"दहा किलो जास्तच दावतोय," अमृत हळूच म्हणाला. "काटा झिरो करू?"

"नगं."

जोतीरामांनी जाऊन मागचं दार उघडलं आणि काट्याबाहेर येऊन उभे राहिले. पाच मिनिटं वाट पाहिली. आकडा हलला नाही.

त्यांनी दार लावलं, आवाज होऊ न देता. पुढे बसले. वारा बोचरा होता. लहानग्या पोराला लागू नये तशा त्यांनी मागच्या काचा वर घेतल्या, आणि घर येईपर्यंत गाडी तीसच्या पुढे नेली नाही.