गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत

अणदूरच्या फाट्यावर एसटीतून उतरल्या उतरल्या वृषालीनं सवयीनं मोजून घेतलं. रिक्षा दोन. उसाचा ट्रॅक्टर एक, तोही पंक्चर. चहाची टपरी एक, तिच्यापुढं लाल खुर्च्या चार. तीन रिकाम्या. चौथीवर बुद्धघोष.

चौथ्या खुर्चीत वैष्णवी असायला हवी होती.

एम.कॉम.चं शेवटचं सत्र. प्रगत लेखाशास्त्र कसंबसं उरकलेलं, लेखापरीक्षणाचा पेपर डोक्यावर, आणि मध्ये हा संशोधन प्रकल्प : खेड्यातल्या घरात काय विकत घ्यायचं ते ठरवतं कोण? धाराशिवच्या कॉलेजात सरांनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या होत्या, आणि वृषालीच्या चिठ्ठीत वैष्णवीचं नाव निघालं होतं.

"वैष्णवीला ताप आलाय," बुद्धघोष उठत म्हणाला. "सर म्हणाले, तिच्या जागी तू जा. माझ्या जोडीच्या उत्कर्षबरोबर नंतर ती जाईल."

"आणि मला कुणी विचारलं नाही?"

"मी विचारतोय ना आत्ता. आधी चहा घे, मग नाही म्हण."

दोन वर्षं एका वर्गात बसून तो तिच्याशी दोनदाच बोलला होता. एकदा 'पंखा लावू का' आणि एकदा 'कॅल्क्युलेटर आहे का'. पंख्याच्या वेळी तिनं मान हलवली होती. कॅल्क्युलेटर दिला होता, आणि तो परत आल्यावर आठवडाभर पुसला नव्हता. हे अर्थात कुणाला माहीत नव्हतं.

"घोषबाबू," ती म्हणाली. वर्गात सगळे त्याला तसंच चिडवायचे. "चहा राहू दे. चल, ऊन चढायच्या आत सुरू करू."

पद्धत ठरलेली होती. देवळापासून निघायचं, उजव्या हाताला राहायचं आणि दर तिसरं घर घ्यायचं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं लिहायचं. झालं की चौकटीवर खडूनं घराचा क्रमांक टाकायचा, म्हणजे सर नंतर खातरजमा करायला आले की त्यांना घर सापडतं. मागच्या वर्षी एका जोडीनं फॉर्म घरीच बसून भरले होते. सर फिरून आले, आणि दोघांचं वर्ष गेलं.

पौषातली सकाळ होती. वीज गेलेली. गल्लीत कुठं टीव्ही नाही, मोटारीचा आवाज नाही. हवा इतकी गप्प, की दोघांच्या चपला तेवढ्या ऐकू येत होत्या. खंडोबाच्या देवळाच्या पायऱ्या भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या होत्या, पण त्यांवर एक माणूस नव्हतं. देव सध्या नळदुर्गला होता. वर्षातले हे दिवस त्याची मूर्ती तिकडं नेऊन ठेवतात.

पहिल्या घरात एक बाई तूर निवडत बसली होती. दोघांना बघून ती हसली.

"काय वो, परत आलाव?"

"परत नाही, पहिल्यांदाच आलोय, काकू," बुद्धघोष म्हणाला. "कॉलेजातनं."

"व्हय की, कॉलेजातनंच. साबण कोण आणतंय, च्याची पुडी कोण आणतंय, समदं लिहून नेलं की शुक्कीरवारी. ही विचारत होती, तू लिहीत होतास."

वृषालीनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं खांदे उडवले. दुसरं कुणी आलं असेल, दुसऱ्या कॉलेजचं. तिनं प्रश्न विचारले, त्यानं उत्तरं लिहिली. निघताना चौकटीवर खडू टेकवला, तर तिथं आधीच काहीतरी पुसट पांढरं होतं. पोलिओवाल्यांचं असेल, असं म्हणून तिनं त्यावरच ३ लिहिला.

दुसऱ्या घरी सुनेनं न विचारताच दोन कप चहा आणला. एक कप वृषालीपुढं ठेवत म्हणाली, "ताई, तुमचा बिनसाखरेचा. मागल्या बारीला तुमी तसाच परत केलता ना."

वृषाली चहात साखर घेत नाही. घरात आई सोडली तर हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"तू सांगितलंस का हिला?" बाहेर आल्यावर तिनं विचारलं.

"मला कुठं माहितीय? आत्ता कळलं." तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यात राहिलं. "बरं झालं कळलं ते. उपयोगी पडेल पुढं."

"पुढं म्हणजे?"

"म्हणजे... पुढच्या घरी."

तिसऱ्या घराच्या चौकटीपाशी ती थांबली. इथलं पांढरं पुसट नव्हतं. स्पष्ट ९ होता. वृषालीच्या ९ ची शेपूट खाली आल्यावर दोनदा वळते. शाळेत हातावर छड्या खाल्ल्या, तरी ती खोड गेली नाही. चौकटीवरच्या ९ ची शेपूट दोनदा वळलेली होती.

तिनं खडूनं शेजारी आपला ९ काढला. बुद्धघोषनं दोन्ही नऊ बराच वेळ बघितले.

"एकाच हातचे आहेत," तो हळूच म्हणाला.

"शुक्रवारी मी धाराशिवला होते. अख्खा वर्ग साक्षीला आहे." मग तिला आठवलं. शुक्रवारी हजेरी झाली तेव्हा त्याचा बाक रिकामा होता. त्याच्या बाकाकडं ती रोज बघायची, म्हणून पक्कं आठवत होतं. "तू नव्हतास कॉलेजात."

"नव्हतो."

"कुठं होतास?"

"इथं नव्हतो, वृषाली. अणदूरला मी आयुष्यात आज पहिल्यांदा आलोय."

"मी 'कुठं नव्हतास' असं नाही विचारलं."

तो चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. तिनं फॉर्म छातीशी धरले. हा कुणा मुलीला घेऊन आधीच येऊन गेला असेल, फॉर्म तयारच असतील आणि आज नुसतं नाटक चाललं असेल, तर सर दोघांनाही नापास करतील. ती भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती : दोन वर्षं गुपचूप जिथं जीव लावला, तो माणूस खोटा निघाला तर?

पाचव्या घराच्या कट्ट्यावर महालिंगप्पा नावाचे म्हातारे उन्हाला बसले होते. वृषालीनं ठरवलं, यांनाच पारखायचं. संशोधन पद्धतीच्या तासाला शिकवलेलं होतं : उत्तर देणारा नुसती री ओढतोय असं वाटलं, तर एक प्रश्न मुद्दाम खोटा घालायचा.

"आजोबा, शुक्रवारी आले ते दोघं निळ्या मोटारसायकलवर आले होते ना?"

"मोटारसायकल? छे! चालत आलते."

"आणि ती मुलगी बुटकी, चष्मेवाली?"

म्हाताऱ्यांनी डोळे बारीक करून तिच्याकडं बघितलं. "माझी चेष्टा करतीस व्हय गं? तूच व्हतीस. हीच पिवळी ओढणी. अन् डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, पाय फरफटत चालत व्हतीस."

वृषालीनं खाली बघितलं. दोन्ही चपला धड होत्या.

"घाबरू नगं," महालिंगप्पा शांतपणे म्हणाले. "देव गावात न्हाय सध्या. असल्या दिसांत मागचं फुडं अन् फुडचं मागं व्हतंय कवाकवा. माझ्या बानं बी बघितलंय."

"म्हाताऱ्याचं काय मनावर घेऊ नगा," आतून लेकीचा आवाज आला. "पण आलता तर तुमीच."

पुढं सहावं घर, सातवं घर. प्रत्येक ठिकाणी तेच : 'परत का?' प्रत्येक चौकटीवर खडू. बुद्धघोषनं वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. आठवा प्रश्न होता 'घरात शेवटचा शब्द कुणाचा?' सातव्या घरच्या काकांनी बायकोकडं बोट दाखवलं, तसा तो वृषालीच्या कानाशी म्हणाला, "लिहून ठेवतो. आपल्यालाही लागेल."

एरवी ती लाजली असती. आज म्हणाली, "ऑडिटला काय शिकलोय आपण? पुरावा बाहेरच्या माणसाकडून आला तर जास्त भरवशाचा. सात घरं एकच सांगतायत, घोषबाबू. आणि तुझ्याकडून एक शब्द नाही."

तो पुढच्या घराकडं चालू लागला.

आठवं घर दैवशालाबाईंचं. त्यांच्या अंगणातून गल्लीचा कोपरा दिसायचा. कोपऱ्यावर पिठाची बंद गिरणी, तिच्या भिंतीवर साबणाची जुनी जाहिरात. चित्रातल्या बाईचा चेहरा उडून गेलेला, हसू तेवढं शिल्लक. दैवशालाबाईंनी दोघांना बघितलं आणि हातातलं काम ठेवून दिलं.

"मिटलं म्हणायचं तुमचं," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई. मला त्या दिशी लई वाईट वाटलं."

"काय बघितलंत काकू तुम्ही?" वृषालीचा आवाज तिलाच परका वाटला.

"त्या गिरणीपाशी थांबला की दोगं. तू कायतरी विचारलंस याला. दोनदा विचारलंस. ह्यानं तोंड उघडलं न्हाय. मग तू फिरलीस आन् चपल फरफटत गेलीस फाट्याकडं. ह्यो बाबा तितंच उभा. दिवस मावळला तरी उभा. म्या ह्याला पाणी द्यायला म्हणून गेले, तर..." त्या थांबल्या. "तर कुणीच नव्हतं. फाट्याकडं जायला वाट तर एवढी एकच हाय. माझ्या दारावरनंच."

"आणि पुढच्या घरी?" बुद्धघोषनं विचारलं. "कोपऱ्याच्या पलीकडं?"

"तिकडं कुठं गेलाव तुमी? तितंच तर संपलं की."

त्यांनी फॉर्म भरला. वृषालीनं चौकटीवर २४ लिहिला. खडू मोडला.

दोघं गिरणीपाशी पोचले. कोपऱ्यावर ती थांबली. थांबायचं तिनं ठरवलं नव्हतं. पाय थांबले.

"शुक्रवारी कुठं होतास?"

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग परत तिच्याकडं. ओठ हलले, शब्द आला नाही.

"बुद्धघोष... कुठं होतास?"

ही दुसरी वेळ. तिच्या लक्षात आलं. तो उभाच. ती फिरली. परत जायचं नव्हतं तिला. पण पाय वाट ओळखत होते, एकामागून एक पडत होते. आणि तिच्या पुढं, मोकळ्या गल्लीत, तिला ऐकू आलं : फर्र... फर्र... एक चप्पल फरफटत फाट्याकडं चाललेली. गल्लीत कुणी नव्हतं. मातीचा बारीक धुरळा तेवढा जमिनीपासून वीतभर उठून तरंगत होता, जसं आत्ताच कुणी गेलंय.

"उमरग्याला!"

ती थबकली.

"उमरग्याला होतो मी!" तो मागून जवळजवळ ओरडला. "वैष्णवीच्या घरी!"

वृषाली वळली. डोळ्यांत आता भीती नव्हती, दुसरंच होतं. "वैष्णवीच्या?"

"ऐकून तर घे! हात जोडायला गेलो होतो तिला. म्हणालो, तापाचं निमित्त काढ, तुझी जागा मला दे. तिला ताप नाही, काही नाही. मजेत आहे. होल्डिंग कंपनीची बारा गणितं मी तिला सोडवून देणार आहे, वर हॉटेलात जेवायला नेणार आहे आणि... आणि तुला सांगणार नव्हतो. कारण सांगितलं की मग का गेलास ते पण सांगावं लागलं असतं."

"का गेलास?"

तो श्वास घेऊन उभा राहिला. धावत आल्यासारखा, जागचा न हलता.

"कारण तू कॅल्क्युलेटर दिलास तेव्हा त्याच्यावर तुझ्या बोटाचं पीठ होतं. सकाळी भाकरी करून आली होतीस. मी ते पुसलं नाही, तसाच परत केला. तेव्हापासून... मला एक अख्खा दिवस हवा होता तुझ्याबरोबर. एवढंच. खोटं बोललो ते वैष्णवीच्या तापाचं. बाकी काही नाही."

गल्लीतला धुरळा खाली बसला होता. वृषालीनं कान देऊन ऐकलं. फरफट थांबली होती, की लांब गेली होती, कळत नव्हतं.

ती परत चालत आली. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, नेहमीपेक्षा अर्धं पाऊल जवळ.

"मग मागच्या वेळी का नाही बोललास?"

"मागच्या वेळी मी नव्हतो, वृषाली."

"होतास."

त्यानं गिरणीच्या भिंतीकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "असेन. तेव्हा दैवशालाकाकू भेटल्या नसतील. गप्प राहिलं की काय होतं, ते कुणी सांगितलं नसेल त्याला."

तिला एकदम त्या दुसऱ्या मुलीची कीव आली. फाट्यावर एकटी बसून राहिलेल्या, एसटीची वाट बघणाऱ्या. तिलाही हे सगळं ऐकायचं होतं.

"चिठ्ठ्या निघाल्या ना," वृषाली म्हणाली, "तेव्हा माझी उघडून झाल्यावर मी पाठीमागं वळून उत्कर्षची बघितली होती. तुझं नाव कुणाला गेलं ते बघायला."

"मग?"

"मग काय? त्या दिवशी डबा खाल्ला नाही."

बुद्धघोष हसला. या वेळी पूर्ण हसला. तिच्या हातातला मोडका खडू त्यानं काढून घेतला, आणि बोटं तिथंच राहू दिली.

"सरांना तापाचं खरं सांगायचं," ती म्हणाली. "उद्याच."

"सांगू. नापास केलं तर?"

"तर अजून एक वर्ष एका वर्गात."

कोपरा ओलांडताना दोघांनीही मागं बघितलं नाही. ते न ठरवता जमलं. पलीकडच्या गल्लीत कोंबड्या होत्या, पोरं भांडत होती, वीजही आली असावी. कुठंतरी गाणं लागलं होतं. पहिली दोन घरं सोडून तिसऱ्याच्या उंबऱ्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. विठाबाई तिचं नाव. तिनं मान वर केली.

"कोण गं तुमी?" विठाबाई म्हणाली. "कुण्या गावची?"

"आजी, नीट बघा," बुद्धघोष खाली वाकला. "आम्हाला आधी कधी बघितलंय?"

"न्हाय की, लेकरा." तिनं दोघांना आळीपाळीनं न्याहाळलं, आणि सुरकुत्यांतून हसली. "नवीच दिसतीय जोडी. या, बसा."

चौकट कोरी होती.

उन्हं कलल्यावर फाट्यावरच्या लाल खुर्च्यांत बसून दोघांनी फॉर्म लावून घेतले. एकूण घरं बारा. गिरणीच्या अलीकडची आठ, पलीकडची चार. दोघांना आधी एकत्र पाहिल्याचं सांगणारी घरं : अलीकडं आठपैकी आठ, पलीकडं चारपैकी शून्य.