तिसरा फोन

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

टीगन माझ्या बायकोची धाकटी बहीण. खोटं बोलणं तिला जन्मात जमलं नाही. बोलायला गेली की कान लाल होतात.

म्हणजे... एकदाच जमलं.

त्या एका वेळेचीच ही गोष्ट.

जुलैतला शुक्रवार होता. जागा होबार्ट. आमच्याकडे जुलैत ऐन हिवाळा असतो, चहाच्या वेळेलाच दिवे लावावे लागतात, त्यामुळे हे सगळं घडलं ते भर संध्याकाळी, लोक कामावरून घरी निघायच्या वेळेला. अपरात्रीच्या गोष्टी सांगणाऱ्यांवर माझाही फारसा भरवसा नसतो.

टीगन तेव्हा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती. सुट्टीत तिला एका दवाखान्यात इंटर्नशिप मिळाली. साधा दवाखाना नव्हे. तिथे नव्या औषधांच्या चाचण्या चालायच्या. पेशंट आपणहून नाव नोंदवायचे, गोळी घ्यायचे, आणि गोळीने काय बरं-वाईट झालं ते इथली माणसं लिहून ठेवायची. टीगनने पेशंटना फोन करायचे, आणि उरलेल्या वेळात अहवाल लिहायला शिकायचं.

शिकवायला होती ग्लेनिस. तिथली मोठी नर्स. केस पांढरे, जीभ तिखट.

"दोनच गोष्टी लक्षात ठेव, पोरी," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "जे केलं नाही ते लिहायचं नाही. आणि माझ्या कपातून चहा प्यायचा नाही."

"आणि चुकून प्यायले तर?"

"तर लिहून ठेव. माझ्या कपातून चहा प्यायले म्हणून!"

टीगनला ग्लेनिस आवडली. तिथले पेशंटही आवडले. त्यात सगळ्यात जास्त आवडला ऑल्बी रेनबर्ड.

ऑल्बी सिग्नेट गावाच्या पलीकडचा सफरचंदवाला. बायको गेलेली, मुलं समुद्रापलीकडे, मेनलँडवर. हृदयाच्या गोळीची चाचणी चालली होती त्यात तो होता. वॉकर घेऊन यायचा, खट्... घस्स... खट्... घस्स... असा आवाज करत. वॉकरला सफरचंदांची पिशवी लटकवलेली. पिशवी टीगनच्या टेबलावर ठेवल्याशिवाय दंडाला बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही.

"मिस्टर रेनबर्ड, हात सरळ ठेवा."

"ऑल्बी म्हण गं. मिस्टर म्हटलं की मला बँकेतून माणूस आल्यासारखं वाटतं."

जाताना एकदा त्याने तक्रार केली.

"तुमच्या फोनचं काहीतरी करा बाई. माझा फोन आहे पॅसेजमध्ये. मी असतो मागे शेकोटीपाशी. मी पोचेपर्यंत तुम्ही पोरी ठेवून देता."

टीगन हसली. "आम्हाला नियमाने तीनदा फोन करावा लागतो, ऑल्बी. पहिल्या दोन फोनांना तुम्ही धावायचंच नाही. तिसरा मी वाजू देईन. तुम्ही उचलेपर्यंत वाजू देईन. मग तर झालं?"

"बघ हं," तो म्हणाला. "मी तिसऱ्याच्या भरवशावर बसेन."

त्याच आठवड्यात सगळ्यांची गोळी वाढवली. शुक्रवारी टीगनने प्रत्येकाला फोन करून एकच विचारायचं होतं. चक्कर येते का? तिसऱ्या फोनलाही कोणी उचललं नाही, तर त्याच क्षणी ग्लेनिसला सांगायचं. ग्लेनिस मग त्या घरी माणूस धाडायची.

सकाळी तिने ऑल्बीला फोन लावला. सहा रिंगा... ठेवून दिला.

दुपारी लावला. सहा रिंगा... ठेवून दिला.

तिसरा संध्याकाळी लावायचा होता. पण दुपारपासून शहरामागच्या डोंगरावर बर्फ पडायला लागलं होतं. आमच्याकडे डोंगरावर बर्फ पडलं की अख्खं गाव गाड्या काढतं. वर जायचं, गाडीच्या बॉनेटवर बर्फाचा माणूस बसवायचा आणि तो वितळायच्या आत शहरातून मिरवायचा. रस्ता कधी बंद करतील याचा नेम नसतो. खाली टीगनच्या मैत्रिणी गाडीत बसून हॉर्न वाजवत होत्या.

तिने फोनकडे पाहिलं. ऑल्बी पॅसेजपर्यंत येणार... मग सफरचंदांबद्दल बोलणार... अर्धा तास सहज जाणार. ग्लेनिस वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होती.

टीगनने लिहिलं, 'तिसरा फोन. उत्तर नाही.'

आणि कोट उचलून जिना उतरली.

त्या संध्याकाळी ती खूप हसली, असं तिनेच मला सांगितलं. त्यांच्या बर्फाच्या माणसाला त्यांनी कोणाचा तरी मफलर गुंडाळला होता.

सोमवारी सकाळी ग्लेनिसने ती नोंद वाचली आणि तशीच उभ्याने ऑल्बीच्या शेजारणीला फोन केला. शेजारीण किल्ली घेऊन गेली.

ऑल्बी पॅसेजमध्ये पडला होता.

डॉक्टर म्हणाले, पडला शुक्रवारी. पण जीव होता... शनिवारपर्यंत.

"मला शुक्रवारीच का नाही सांगितलंस?" ग्लेनिसने विचारलं.

"तुम्ही मीटिंगमध्ये होतात," टीगन म्हणाली.

ग्लेनिसने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "नियमाप्रमाणे तीन फोन केलेस ना? मग स्वतःला खाऊ नकोस, बाळा. माझंच चुकलं. जाताना मी विचारायला हवं होतं."

टीगनचे कान लाल झाले होते. केसांखाली कोणाला दिसले नाहीत.

चाचणीत पेशंट गेला की त्याची हकिगत लिहावी लागते. तिच्यात त्याचं नाव नसतं. क्रमांक असतो. कोणती गोळी, किती दिवस, शेवटी काय झालं, एवढंच कोरडेपणाने लिहायचं. ते काम ग्लेनिसने टीगनकडे दिलं.

"तू त्याला ओळखत होतीस. नीट लिहिशील. फक्त हळहळ मधे आणू नकोस."

टीगन लिहायला बसली. खिडकीबाहेर उजेड जात होता. तिने लिहिलं, 'पेशंटला तीन वेळा फोन करण्यात आला...'

टेबलावरचा फोन वाजला.

तिने उचलला. "हॅलो?"

पलीकडे कोणी बोललं नाही.

पलीकडे... रिंग वाजत होती.

आपण कोणाला फोन लावला की कानात वाजते ना, तशी. पण तिने फोन लावलाच नव्हता. आलेला फोन उचलला होता. तरी दूर कुठेतरी, एखाद्या रिकाम्या घरात वाजावी तशी ती रिंग वाजत राहिली.

सहा झाल्या. हात सवयीने खाली गेला. तिने फोन ठेवून दिला.

लाइनमध्ये काहीतरी बिघाड असेल, असं तिने स्वतःला समजावलं. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तपासणीच्या खोलीतून घरघर ऐकू आली. बीपीचं यंत्र आपोआप सुरू झालं होतं. टीगन दारात गेली.

खुर्ची रिकामी होती. पट्टा खुर्चीच्या हातावर होता.

तो फुगत होता.

रिकामा पट्टा फुगला की वाकडातिकडा होऊन सुटतो. हा सुटला नाही. गोल, घट्ट आवळत गेला... मधे बारीकसा दंड असावा तसा. यंत्र नाडी शोधत राहिलं. सापडेना. पुन्हा आवळलं. पुन्हा शोधलं.

खोलीत सफरचंदांचा वास होता.

टीगन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भीती वाटली का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली."

त्या आठवड्याच्या शेवटी शेजारीण आली. जून तिचं नाव. ऑल्बीच्या उरलेल्या गोळ्या परत करायला आली होती. सोबत पिशवीभर सफरचंदंही होती. ती ऑल्बीनेच गुरुवारी भरून ठेवली होती.

"ती फोनवाली पोरगी कोण?" तिने विचारलं.

"मी," टीगन म्हणाली.

"तुझं फार सांगायचा गं. गुरुवारी मला म्हणाला, उद्या पोरीचा फोन येणार. पहिले दोन मी सोडून देणार. तिसरा ती वाजू देणार आहे." जून खुर्चीत बसली. "हात मोडला होता बिचाऱ्याचा. चष्मा कुठल्या कुठे उडालेला. नंबर फिरवणार कसा? पण फोन मात्र वायरीने खाली ओढून घेतला होता. छातीशी धरून पडला होता, नुसता उचलता यावा म्हणून. मला सोडवताना बोटं..."

ती थांबली. नाक पुसलं.

"तू तिसरा केलास तोवर त्याची शुद्ध गेली असेल. नाहीतर उचललाच असता त्याने."

टीगनने केस कानांवर ओढून घेतले.

"आता फोन माझ्या शेडमध्ये पडलाय," जून उठत म्हणाली. "लाइन कंपनीने तोडली. तुमच्या वहीतून नंबर खोडून टाका हं."

जून गेली. बाहेर अंधारून आलं होतं.

फोन वाजला.

टीगनने उचलला. पलीकडे रिंग वाजत होती. सहा झाल्या... हात खाली जायला लागला. तिने दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला.

रिंग वाजत राहिली.

वाजत राहिली...

आणि मग रिंगेच्या मागून, खूप आतून...

खट्... घस्स...

खट्... घस्स...

कोणीतरी येत होतं. सावकाश. मधे थांबत, दम खात. टीगनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने फोन ठेवला नाही.

खट्... घस्स...

अगदी जवळ.

रिंग थांबली. पलीकडे फोन उचलला गेला.

श्वास ऐकू आला. जड, ओला श्वास.

"ऑल्बी," ती म्हणाली. "मी तिसरा फोन केलाच नाही. मी लिहिलं, पण केला नाही. मी बर्फ बघायला गेले. मला माफ करा. ऑल्बी... ऐकताय ना?"

श्वास थांबला.

खट्ट.

पलीकडून फोन ठेवला गेला.

तिने मान वळवली. दारात ग्लेनिस उभी होती, कोट घातलेली, हातात किल्ल्या.

"पुन्हा सांग," ग्लेनिस म्हणाली. "त्याला नाही. मला."

टीगनने सांगितलं. ग्लेनिस ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं टीगन आजही म्हणते. ग्लेनिस समोरच्या खुर्चीत बसली, आणि तिने हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"मी सिग्नेटला स्वतः गेले असते गं," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी. कोट न घालता गेले असते."

मग तिने हकिगत पुढ्यात ओढली आणि पेन टीगनच्या हातात दिलं. टीगनने 'तीन वेळा' खोडून 'दोन वेळा' लिहिलं. पुढे लिहिलं, 'तिसरा फोन करण्यात आला नाही.' ग्लेनिसने ते वरच्यांना कळवलं. चौकशी झाली. वाढवलेल्या गोळीने आणखी दोघांना चक्कर येत होती, ती गोळी कमी केली. टीगनची इंटर्नशिप तिथेच संपली, पण कॉलेजने तिला काढलं नाही. तिने सगळं कबूल केलं म्हणून.

त्या दवाखान्यातला फोन पुन्हा तसा वाजला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितली नसती.

आज टीगन तेच काम करते. औषधांचे अहवाल लिहिते. कामात इतकी काटेकोर की सहकारी वैतागतात. लग्न झालंय, आमच्या घरापासून जवळच राहते. मागच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी आम्ही तिच्याकडे जेवायला गेलो होतो. लवकरच गेलो होतो, अंधार पडता पडता. ओव्हनमध्ये मटण होतं. माझी बायको कसलीतरी जुनी थट्टा करत होती, टीगनही हसत होती.

तिचा मोबाइल वाजला.

ती हातातलं टाकून धावली. खुर्ची पडली. ती पोचली, आणि फोन बंद झाला. मी रिंगा मोजल्या नव्हत्या. माझ्या बायकोने मोजल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं.

स्क्रीनवर नंबर नव्हता.

थोड्या वेळाने पुन्हा वाजला. या वेळी फोन टीगनच्या हातातच होता. तिने लगेच उचलला, कानाला लावला, "ऑल्बी" म्हणाली.

तरी रिंग वाजतच होती. सहा झाल्या... आणि बंद.

"दर शुक्रवारी," तिचा नवरा हळूच मला म्हणाला. "हिवाळाभर. दोनदाच."

जेवण झालं, भांडी झाली. टीगन खिडकीपाशी बसून होती. फोन दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. तिला त्याचं भानही नव्हतं. मला मात्र जूनचे शब्द आठवले.

निघताना मी तिच्यापाशी गेलो.

"टीगन, बंद करून ठेव ना तो फोन," मी म्हणालो. "शुक्रवारपुरता तरी."

तिने मान वर केली. खोटं काही बोलली नव्हती, तरी कान लालभडक झाले होते.

"आणि तिसरा आला तर, भाऊजी?"